नाक्यावर जोडलेला पलंग

हनीफभाऊ, तुम्ही गेल्याला आज अकरा दिवस झाले आणि आज सकाळी दुकानात तुमच्या नावाची पहिली तक्रार आली. बसस्टँडसमोरचा हॉटेलवाला एक स्टूल घेऊन आला. एक पाय डुगडुगत होता. म्हणाला, "हनीफभाऊनं जिंदगीभराची गॅरंटी देली होती." मी म्हटलं, "कोणाच्या जिंदगीची, ते तेव्हाच विचारून घ्याचं होतं ना." तो हसला, मीही हसले. तुम्ही असता तर त्याला त्याच स्टुलावर बसवून चहा पाजला असता आणि तो तक्रार विसरून घरी गेला असता. मला ते जमत नाही. मी पाय काढला, खुंटी बदलली, गोंद लावला आणि त्याला संध्याकाळी ये म्हटलं.

परवा एक बातमीदारही येऊन गेला. तुमची जन्मतारीख, मूळ गाव, चामोर्शीत कधी आलात, असं विचारत होता. मी त्याला तुमच्या मुलाकडे, रफीककडे पाठवलं. यातलं मला काहीच माहीत नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. बारा वर्षं एका छपराखाली काम केलं आणि बोललो ते सगळं लाकडाबद्दल, नाहीतर भाभींनी डब्यात काय दिलं त्याबद्दल. म्हणून जे मला माहीत आहे ते मी तुम्हालाच सांगते. त्यातलं बरंचसं तुम्हाला नवीन नाही. दोन गोष्टी मात्र मी कधी बोलले नव्हते, त्या ओघात येतील.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर मी तुमच्या दुकानात पहिल्यांदा आले. हातात आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, ट्रेड सुतारकाम. शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या आणि मला तसंच घरी परत जायचं नव्हतं, म्हणून मी सुतारकामाचा अर्ज भरला. वर्गात मी एकटीच मुलगी. पास झाले तेव्हा बाबांनी सगळ्या वस्तीत पेढे वाटले आणि रात्री जेवताना हळूच विचारलं, "सुनंदा, आता हे घेऊन तू करशीन काय?" गडचिरोलीच्या दोन दुकानांनी मला बाहेरूनच परत पाठवलं. तिसरा म्हणाला, बायांचा हात पॉलिशले बरा, पॉलिश मारशीन का? तुमचं दुकान चौथं.

तुम्ही रंधा मारत होता. मान वर न करता विचारलंत, "काय पायजे बाई? पोळपाट?"

"काम पायजे."

तुम्ही रंधा थांबवला. सर्टिफिकेट उजेडाकडे धरून पाहिलंत आणि परत दिलंत. "याच्यात काय काय येते ते लिवलं नाई."

"डॉवेल जॉइंट चांगला येतो," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"दोन लाकडांत समोरासमोर भोकं पाडायची, मधात गोल खुंटी घालायची अन् गोंद लावून बसवायची. बाहेरून काही दिसत नाई."

"खुंटी म्हण ना मंग. डॉवेल म्हणे. मले वाटलं दवाई सांगून राह्यली."

तुम्ही सागाचे दोन तुकडे माझ्यापुढे टाकलेत आणि पुन्हा रंध्याकडे वळलात. शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला. मला दाखवायचं होतं की माझा जोड किती घट्ट बसतो. म्हणून मी खुंटी अशी नेमकी केली की भोकात केसभरही फट उरू नये. खुंटीच्या अंगाला उभी बारीक खाच ठेवायची असते, म्हणजे जास्तीचा गोंद आणि हवा तिच्यातून वर येते, हे आम्हाला शिकवलं होतं. ती मी ठेवली नाही. भोक गोंदाने भरलं, खुंटी लावली आणि ठोकायला लागले. चौथ्या ठोक्याला लाकूड टचकन वाजलं आणि तुकडा भोकापासून टोकापर्यंत उभा फाटला. गोंद माझ्या ओढणीवर उडाला. शिंपी हसत हसत आपल्या मशीनकडे गेला.

तुम्ही फाटका तुकडा उचललात. "काऊन फाटलं?"

"माझी चूक झाली. खाच नाई ठेवली. गोंदाला निघायला जागाच नव्हती."

"शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं. घट्ट दाखवायच्या नादात राहून गेलं."

तुम्ही हात पुसायला फडकं दिलंत आणि म्हणालात, "उद्या नऊ वाजता ये. खुंटीले खाच पाडून आण."

मला वाटलं तुम्हाला माझी कीव आली. पुढे दोन वर्षांनी भाभींनी खरं सांगितलं. त्या दिवशी जेवताना तुम्ही त्यांना म्हणाला होतात, "पोरीनं माया सागाचा तुकडा फाडला, पण बहाणा नाई केला."

मग मी शिकले. म्हणजे आयटीआयमध्ये शिकलेलं होतंच, त्याच्यावर तुमचं चढलं. भोक खुंटीपेक्षा थोडं खोल पाडायचं. खुंटीचं टोक बोथट करायचं, म्हणजे ती भोकाच्या कडेवरचा गोंद खरवडून खाली नेत नाही. आणि खुंटी कोरडीठाक पाहिजे, इतकी की ओल्या गोंदातलं पाणी पिऊन ती आतल्या आत फुगेल आणि मग कोणाच्या बापाला निघणार नाही. तुमच्या खुंट्या बांबूच्या असत. त्या सुकवायला तुम्ही एका पत्र्याच्या डब्यात भरून भाभींच्या चुलीच्या वरच्या फळीवर ठेवत होता. त्याच फळीवर भाभींचे मसाल्याचे डबे. एका ईदला तुमच्याकडून आमच्या घरी पुलाव आला. बाबा आवडीने जेवले. दालचिनीचा तुकडा म्हणून त्यांनी एक काडी तोंडात धरली आणि बराच वेळ चघळली. मग म्हणाले, "हनीफभाऊकडची दालचिनी जरा निबर आहे." मी हातात घेऊन पाहिली तर बोटभर लांबीची खुंटी, खाचेसकट. दुसऱ्या दिवशी मी ती तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही ती फिरवून फिरवून पाहिलीत आणि म्हणालात, "भाताच्या वाफेत भिजली. आता कामाची नाई." भाभी त्यानंतर आठवडाभर तुमच्याशी बोलल्या नाहीत.

आपलं खरं भांडण गोंदाचं होतं. तुम्ही सरसवाले. जनावराच्या कातड्याचा तो तपकिरी सरस दोन भांड्यांत, खाली पाणी वर सरस, असा मंद आचेवर शिजवायचा. त्याच्या वासाने गल्लीतली मांजरं यायची आणि माणसं जायची. मी डब्यातल्या पांढऱ्या गोंदावर वाढलेली. तुम्ही म्हणायचे, "तो गोंद नोहे, दूध होये." मी म्हणायचे, "तुमचा सरस पावसाळ्यात सुटतो." यावर तुमचं उत्तर ठरलेलं: "सुटते म्हून तं दुरुस्त होते. तुया जोड तुटला तं फेकाच लागते." आणि दुसरा वाद, गोंद लावायचा कुठे? तुम्ही बांबूच्या काडीने फक्त भोकात लावायचे. मी भोकात आणि खुंटीवर, दोन्हीकडे. तुम्हाला ती नासाडी वाटायची. तुमचा जोड मला उपाशी वाटायचा. बारा वर्षांत यातलं काहीच मिटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

आता ती पहिली गोष्ट. सुरुवातीच्या चार वर्षांत मी तुमच्यावर मनातून रागावलेली होते. गिऱ्हाईक यायचं, मी केलेली खुर्ची फिरवून बघायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठी आहे?" तुम्ही असलात की म्हणायचे, "मीच ना." मी मागे उभी असायची, हातभर भुसा लागलेली. तुम्ही नसलात आणि कोणी विचारलं तर मीही म्हणायचे, "चहा प्याले गेले." लोकांना वाटायचं मी झाडायला-पुसायला आहे. एकदा तर तालुक्याच्या एका साहेबांनी माझ्या हातच्या कपाटाची माझ्याचसमोर तारीफ केली आणि मला पाणी आणायला सांगितलं. तुम्ही ती तारीफ मान डोलावून घेतलीत. मी पाणी आणलं. तुम्ही काऊन काही बोलत नाही, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. दुकान सुटेल याची भीती होती. सायकलवरून घरी जाताना मी ते भांडण रोज तुमच्याशी करायची आणि रोज जिंकायची.

आणि मग मंडलबाबूंचा पलंग आला.

मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतले मंडलबाबू धान विकायला यायचे, त्यांची तुमची ओळख. मुलीचं लग्न माघात ठरलं. मुलीसोबत पलंग द्यायचा, तो सागाचाच पाहिजे, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पोचला पाहिजे. आपण लाकूड डेपोचं, पावतीचं घेतलं. उशाकडची आणि पायथ्याकडची अशा दोन चौकटी केल्या. प्रत्येकीत आठ खुंट्या. लांबीच्या पट्ट्या लोखंडी हुकांत अडकणार होत्या, त्यांना गोंद लागणार नव्हता. पण तयार पलंग न्यायला गाडी मिळेना. शेवटी काळी-पिवळी जीप ठरली, वरच्या कॅरिअरवर जेवढं मावेल तेवढंच. म्हणून सगळे भाग सुटेच बांधले, खुंट्यांवर पेन्सिलीने आकडे घातले आणि ठरवलं की गोंद तिथे जाऊनच लावायचा. तुम्ही सरसाची भांडी घेतलीत. मी गुपचूप पांढऱ्या गोंदाचा डबा पिशवीत टाकला.

आष्टीच्या पुढे जंगल सुरू झाल्यावर वनखात्याच्या एका नाक्यावर जीप थांबवली. नाकेदार शिडीवरून चढून वर पाहून आला. तुम्ही दुकानाची, पलंगाच्या विक्रीची पावती दाखवली. त्याने ती दोनदा वाचली.

"इथी लिवलं, सागवान पलंग, एक नग. मले तं पलंग दिसून नाई राह्यला. मले फळ्या दिसून राह्यल्या."

"साहेब, पलंगच होये. फक्त जोडाचा राह्यला."

"मंग जोडून आणा. पलंग असन तं पावती चालते. फळ्या असन तं लाकूड न्याचा पास पायजे."

तो वाईट माणूस नव्हता. लिहिलेलं आणि दिसलेलं एक पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तुम्ही मुलीच्या लग्नाचं सांगितलं, उद्याचंच आहे म्हणून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा पावतीवर बोट ठेवलं. जीपवाल्याला इतर सवाऱ्या होत्या. त्याने आपले भाग रस्त्याच्या कडेला उतरवले आणि निघून गेला. दुपारचे बारा वाजले होते. तुम्ही मोहाच्या झाडाखाली उकिडवे बसलात, चौकटीच्या पट्ट्यांकडे पाहिलंत, मग नाकेदाराच्या झोपडीकडे पाहिलंत. तिथे चुलीवर त्याची डाळ शिजत होती.

"साहेब," तुम्ही म्हणालात, "पलंग पायजे ना? मंग चूल द्या."

त्याने डाळ उतरवली, हे त्याचे उपकार. तुम्ही सरस चढवलात. वास सुटल्यावर त्याने डाळ अजून लांब नेऊन ठेवली. तेवढ्यात तुमची नजर माझ्या पिशवीवर गेली. मी डबा बाहेर काढला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तुम्ही फक्त म्हणालात, "पायथा तुया, उसं माया. पाहू कोणाचं टिकते."

उशाची चौकट आधी घेतली. मी पलंगाचा पाया आडवा धरला, तुम्ही काडी सरसात बुडवलीत आणि भोकाकडे नेलीत. सरस भोकात न पडता बाहेर, सागाच्या तासलेल्या अंगावर पडला. तुम्ही फडक्याने पुसलात. पुन्हा काडी बुडवलीत. पुन्हा बाहेर. काडीचं टोक थरथरत होतं. मला वाटलं जीपच्या धक्क्यांनी हात अवघडला असेल. मग तुमचं मनगट पाहिलं आणि कळलं की हे आजचं नाही. गेले कित्येक महिने बारीक कामं तुम्ही माझ्याकडे का सरकवत होता, तेही कळलं. सरस गरम आहे तोवरच लावावा लागतो. तो थंड पडायला लागला होता.

नाकेदार वाकून बघत होता. त्याने विचारलं, "तुमच्यात मिस्त्री कोण आहे?"

तुम्ही काडी माझ्या हातात दिलीत.

"मिस्त्री हे आहे साहेब. हे सुनंदाबाई. मी सरस शिजवून देतो."

आणि तुम्ही खरंच उठून चुलीपाशी जाऊन बसलात.

भाऊ, तेव्हा थांबायला वेळ नव्हता. मी पाया मांडीवर घेतला. तुमच्या चौकटीला तुमच्याच पद्धतीने, फक्त भोकात, काडीने गोल फिरवून सरस लावला. खुंटी बसवताना खाचेतून हवा बारीक आवाज करत वर आली आणि जोडाच्या चारी बाजूंनी सरसाची सुतासारखी रेघ उमटली. तुम्ही चुलीपासून ओरडलात, "आली का रेघ?" मी म्हटलं, "आली." आठही खुंट्यांना तुम्ही तेच विचारलंत. मग पायथ्याची चौकट मी माझ्या गोंदाने, माझ्या पद्धतीने केली. तिथे तुम्ही काहीही विचारलं नाही, पण येऊन बघून गेलात.

जोड आवळायचे शिकंजे दुकानात राहिले होते. तुम्ही सुतळीचे वेढे चौकटीला घातलेत, मध्ये काठी खुपसलीत आणि पीळ देत गेलात, दोन्ही पाये एकमेकांकडे ओढले जाईपर्यंत. या कामात तुमचा हात थरथरत नव्हता. ताकदीचं काम होतं ते. मग थांबायचं होतं. तुम्ही दोन तास मागितलेत. नाकेदाराने तीन दिले, कारण मधल्या वेळात आपण त्याचं डुगडुगणारं बाकडं सरळ करून दिलं. त्याने डाळभात वाढला. डाळीला सरसाचा वास येत होता, तरी आपण ताट पुसून जेवलो.

चारच्या सुमारास सुतळी सोडली, पट्ट्या हुकांत अडकवल्या, फळ्या टाकल्या आणि रस्त्याच्या कडेला, मोहाखाली पलंग उभा राहिला. नाकेदाराने पावती काढली, पलंगाभोवती एक चक्कर मारली, बसून पाहिलं, मग बूट काढून आडवा झाला. "मजबूत आहे," म्हणाला आणि डोळे मिटले. आपल्याला वाटलं तपासतो आहे. तो झोपला होता. त्याला उठवायची हिंमत ना तुम्हाला झाली ना मला. पंधरा मिनिटं आपण सरकारी माणसाच्या उशाला उभे राहिलो.

आणि त्याच वेळी मंडलबाबू सायकलवरून घामाघूम येऊन पोचले. सकाळपासून वाट पाहून शोधायला निघाले होते. त्यांनी मुलीचा पलंग जंगलात पाहिला, त्यावर खाकी कपड्यातला माणूस घोरताना पाहिला आणि तुम्हाला विचारलं, "मिस्त्री, खाट इधर क्यों बिछाया?"

तुम्ही हसायला लागलात ते खोकला येईपर्यंत हसलात. नाकेदार जागा झाला आणि त्याने काहीच घडलं नसल्यासारखी पावतीवर सही केली.

जोडलेला पलंग जीपवर थोडाच जाणार होता. मंडलबाबूंनी जवळच्या वस्तीतून भाताच्या तणसाची बैलगाडी आणली. तणसावर पलंग ठेवला आणि तो सरकू नये म्हणून त्यावर आपण दोघं बसलो. मंडलबाबू सायकल घेऊन पुढे. ऊन कललं होतं, धुळीचा रस्ता, आणि आपण नवरीच्या पलंगावर पाय खाली सोडून बसलेलो. रस्त्यातल्या बाया थांबून बघत होत्या. तुम्ही एकीला हात जोडून नमस्कारही केलात. मला तेव्हा विचारायचं होतं, "भाऊ, मला मिस्त्री म्हणालात ते खरं म्हणून, की हात चालत नव्हता म्हणून?" मी तोंड उघडलं आणि तुम्ही म्हणालात, "भूक लागली. लग्नघरी मच्छी असन काय वं?" मच्छी होती. तुम्ही तीनदा घेतलीत. प्रश्न राहिला.

सोमवारी दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक दरवाजाचं माप घेऊन आलं आणि त्याने मिस्त्री कुठे आहे म्हणून विचारलं. तुम्ही रंध्यावरून मान न उचलता अंगठ्याने माझ्याकडे दाखवलंत. त्या दिवसापासून कायम तसंच. हात चालत नव्हता म्हणून म्हणाला असाल तर तेही चालेल, भाऊ. चार वर्षं मनातून रागावले आणि मग तुमचे उपकार मानायला हवे होते, तेही मानले नाहीत, ही ती पहिली गोष्ट. पलंगाचं म्हणाल तर मंडलबाबू मध्ये भेटले होते. दोन नातू त्याच्यावर उड्या मारतात आणि दोन्ही चौकटी शाबूत आहेत. त्यामुळे आपला वाद होता तिथेच राहिला.

शेवटच्या चार-पाच वर्षांत तुम्ही हत्यार धरलं नाही. दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि माझ्या ठोक्यांवर कान ठेवायचे. खुंटी बसली की सांगायचे, "बरोबर," किंवा "गोंदाविना कोरडी गेली, काढ." तुमचं कधी चुकत नसे. मग दोन वर्षांपूर्वी मला शंका आली, कारण भाभी हाक मारायच्या आणि तुम्ही पेपर वाचत राहायचे. एक दिवस मी मुद्दाम गोंद न लावता, अगदी कोरडी खुंटी ठोकली. तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "बरोबर." तुम्हाला ऐकू येत नव्हतं. तुम्ही माझ्या हाताकडे, तोंडाकडे पाहून अंदाज करत होता. ही दुसरी गोष्ट. मी ती खुंटी काढली, गोंद लावून पुन्हा बसवली आणि तुम्ही पुन्हा म्हणालात, "बरोबर." त्यानंतर प्रत्येक जोडाला मी तुमच्याकडे वळून बघायची, म्हणजे तुम्हाला माझं तोंड दिसावं. जोड मनासारखा झाला नसेल तर मी जरा कपाळाला आठी घालायची, आणि तुम्ही लगेच म्हणायचे, "काढ, काढ." भाऊ, माझा तर संशय आहे की माझी ही चलाखी तुमच्या लक्षात आली होती. कारण एकदा मी सगळं ठीक असताना उगाच आठी घातली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "नाटक नोको करू."

अकरा दिवसांपूर्वी पहाटे, फजरच्या वेळी तुम्ही गेलात. बल्लारपूरहून रफीक आदल्या दिवशीच आला होता, तो तुमच्याजवळ होता, हे बरं झालं. मला सहा वाजता निरोप आला. मी आले आणि भाभींजवळ बसून राहिले. दहाच्या सुमारास रफीकने मला बाहेर बोलावलं. मशिदीतून जनाज्याची खाट आणली होती. पायथ्याकडचा डावा पाय जोडातून निघाला होता.

"ताई," तो म्हणाला, "हे खाट अब्बानंच बनवली होती. आता दुसऱ्या कोणाकडे नेऊ?"

त्या दिवशी दुकान उघडायचं नाही असं मी ठरवलं होतं. उघडलं. पाय काढला तर आत तुमची खुंटी निघाली, बांबूची, खाच तुमच्या हातची. किती वर्षं झाली असतील कोण जाणे, किती लोकांना तिने पोचवलं असेल. ती झिजून अर्धी झाली होती. मी भोक साफ केलं. भाभींच्या फळीवरून डबा आणला, त्यात तुम्ही तासून ठेवलेल्या खुंट्या अजून होत्या. एक नीट बसली. गोंद लावला, रेघ आली, पुसली. दफन दुपारच्या जोहरच्या नमाजानंतर होतं, तेवढ्या वेळात गोंद पूर्ण धरणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून जोडातून आडवी एक बारीक खुंटी ठोकली, वरून सुतळीचा पीळ दिला आणि निघायच्या वेळेपर्यंत सोडला नाही. तुम्ही काही हलके नव्हता. भाभींच्या हातचं इतकी वर्षं खाल्लेलं.

लोक तुम्हाला घेऊन निघाले तेव्हा आम्ही बाया दारात उभ्या होतो. सगळ्या तुमच्याकडे बघून रडत होत्या. मी त्या डाव्या पायाकडे बघत होते. कोणी मला निर्दयी म्हटलं असेल तर म्हणो. खाट खांद्यावर असते तोवर पायावर भार येत नाही, तो येतो खाली ठेवल्यावर, नमाजाच्या वेळी आणि मग कब्रीपाशी. तिथे मी असणार नव्हते.

मी तुमच्या ओसरीवर थांबले. तीनच्या पुढे रफीक परत आला, मागे दोघं रिकामी खाट घेऊन. त्याने चपला काढल्या आणि मी विचारायच्या आधीच म्हणाला, "ताई, जमीन उंचसखल होती तिथी. पण हलली नाई."

तरी मी खाटेपाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि तो पाय दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला. मग जोर लावून पाहिला. तो जागचा हलला नाही. तेव्हा मी रडले, सकाळपासून पहिल्यांदा, पाय तसाच धरून. भाभी आतून आल्या. माझ्या मागे उभ्या राहून त्यांनी माझ्या केसांतला लाकडाचा भुसा हळूहळू झाडला. दिवसभर मी तसाच घेऊन फिरत होते आणि कोणी सांगितलं नव्हतं.